हातगुण खरा, सुई खोटी

कापूस वेचणीचा हंगाम सुरू झाला की आमच्या बाह्यरुग्ण विभागातील तक्रारींचा क्रम ठरलेला असतो. आधी कंबर, मग मान, मग गुडघे. दिवसभर वाकून वेचणी केलेल्या बाया, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन शेत पालथे घातलेले गडी आणि हंगाम संपत आला की ऊसतोडीहून परतलेली जोडपी रांगेत उभी असतात. तपासून होते, गोळ्या लिहून होतात, पण कागद हातात आला तरी माणूस उठत नाही. 'साहेब, गोळ्यानं भागत न्हाई. एक सुई द्या. न्हाईतर सलाईन तरी लावा.'

या वाक्यापुढे डॉक्टर काय करतो, हा आजचा विषय आहे. सुईची गरज नाही हे त्याला ठाऊक असते. तरी पुष्कळदा तो सुई देतो. कधी जीवनसत्त्वाचे लाल इंजेक्शन, कधी नुसते डिस्टिल्ड वॉटर, कधी सलाईनची बाटली. माणूस समाधानाने घरी जातो आणि बऱ्याच वेळा त्याचे दुखणे खरोखर कमीही होते. वैद्यकशास्त्रात याला प्लासिबो म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी खूश करीन'. दुखण्यावर ज्याचा थेट गुण नाही, पण रुग्णाचे मन राखण्यासाठी जे दिले जाते ते औषध. अशी सुई मीही दिली आहे. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी या सुईने नेमके काय होते ते पाहू.

आपल्याकडचा प्लासिबो

पाठ्यपुस्तकातला प्लासिबो म्हणजे साखरेची गोळी. आपल्या जिल्ह्यात ती कोणी देत नाही, कारण गोळीवर मुळात कोणाचा विश्वासच नाही. इथे मान आहे तो सुईला आणि त्याहून जास्त सलाईनला. 'दोन बाटल्या चढवल्या तवा कुठं उभा राहिला' हे वाक्य परभणीपासून जिंतूर-गंगाखेडपर्यंत कुठेही ऐकू येईल.

त्या बाटलीत असते काय? साध्या सलाईनच्या ५०० मिलीलिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. बाकी पाणी. ग्लुकोजची बाटली असेल तर तिच्यात २५ ग्रॅम साखर. एका ज्वारीच्या भाकरीतून याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. जुलाब-उलट्यांनी कोरडा पडलेल्या माणसाला, उष्माघाताच्या रुग्णाला, शस्त्रक्रियेच्या वेळी हीच बाटली जीव वाचवते. पण कंबरदुखीवर तिच्यात काहीही नाही.

डॉक्टरांच्या या सवयीला देशाच्या सीमा नाहीत. अमेरिकेतील फिजिशियन आणि सांधेविकारतज्ज्ञांची एक पाहणी २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. ६७९ डॉक्टरांनी उत्तरे दिली आणि त्यातील जवळपास निम्म्यांनी आपण प्लासिबो म्हणून काही ना काही नियमित लिहून देतो असे कबूल केले. पण साखरेची गोळी किंवा मिठाचे पाणी देणारे अगदी मोजके होते. बाकीचे जीवनसत्त्वे आणि साध्या वेदनाशामक गोळ्या देत होते, काही जण तर प्रतिजैविके आणि गुंगीची औषधे. रुग्णाला काय सांगता, असे विचारल्यावर बहुतेकांचे उत्तर होते की 'तुमच्या आजारात हे औषध सहसा देत नाहीत, पण कदाचित उपयोग होईल', असे सांगतो. हा प्लासिबो आहे असे स्पष्ट सांगणारे शंभरात पाचच्या आसपास. आणि यात नैतिकदृष्ट्या काही गैर नाही असे मानणारे शंभरात साठहून अधिक.

आपल्याकडे कागदावर असे प्रश्न क्वचितच विचारले जातात. पण डॉक्टर मंडळी चहाला एकत्र बसली की उत्तरे हीच येतात.

आराम पडतो तो खरा

'तुला आराम पडला म्हणजे दुखणे मनाचेच होते.' हे वाक्य मी वॉर्डात अनेकदा ऐकले आहे. ते चूक आहे आणि चूक असल्याचा पुरावा चाळीस वर्षांहून जुना आहे.

१९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. प्लासिबो दिल्यावर त्यातील काहींचे दुखणे कमी झाले. मग नॅलोक्सोन हे औषध देऊन पाहिले. नॅलोक्सोन शरीरात अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखते. ते देताच प्लासिबोने कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले. याचा अर्थ असा, की औषध मिळाले या भरवशावर मेंदूने स्वतःचीच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये सोडली होती. त्यांना आपण एंडॉर्फिन म्हणतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या प्रत्येकाची दाढ काढलेली होती, जबड्यात जखम होती. कोणीही ढोंग करत नव्हते. तरी प्लासिबोने गुण आला. म्हणून पाण्याच्या सुईने आराम पडला यावरून दुखणे खोटे ठरत नाही. 'खरे दुखते का बघू' म्हणून पाणी टोचण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ती रुग्णाचा अपमान करणारी आहे आणि शास्त्राच्या कसोटीवर निरुपयोगीही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या सोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटले आहे की एखादी व्यक्ती दुखते म्हणत असेल तर त्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे.

दुसरा पुरावा इटलीतील तुरिन येथील फॅब्रिझिओ बेनेडेट्टी यांच्या कामातून मिळतो. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना डॉक्टरने समोर येऊन, 'हे वेदनाशामक देतोय' असे सांगून इंजेक्शन दिले. इतरांना तेच औषध यंत्रातून, त्यांच्या नकळत देण्यात आले. नकळत दिलेल्या औषधाचा परिणाम कमी पडला, तेवढ्याच आरामासाठी जास्त मात्रा लागली. म्हणजे खऱ्या औषधाच्या गुणातही एक वाटा माणसाचा असतो. समोर येऊन बोलण्याचा, स्पर्शाचा, भरवशाचा.

आपल्या भाषेला हे फार आधीपासून माहीत आहे. 'त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे' असे आपण म्हणतो. त्यासाठी 'हातगुण' असा नेमका शब्द आपल्याकडे आहे. पडून गुडघा फुटलेल्या लेकराला आई फुंकर घालते आणि रडणे थांबते. फुंकरीत औषध नसते, पण आराम खोटा नसतो.

हा भरवसा किमतीतूनही येतो. ब्रिटनमध्ये १९८१ साली डोकेदुखी असलेल्या ८३५ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. नामांकित कंपनीच्या नावाची अॅस्पिरिन साध्या पाकिटातील अॅस्पिरिनपेक्षा जास्त लागू पडली. नामांकित पाकिटात औषधाविना गोळी ठेवली तर तीही साध्या पाकिटातील तशाच गोळीपेक्षा सरस ठरली. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर फुकट मिळालेली पॅरासिटामॉल लागू पडत नाही आणि मेडिकलमधून विकत आणलेली तीच गोळी लागू पडते, असे लोक सांगतात तेव्हा आम्ही हसतो. हसू नये. जी गोळी आम्ही खिडकीतून न बोलता ढकलतो, तिचा अर्धा गुण तिथेच सांडलेला असतो.

पण सारे श्रेय सुईचे नव्हे

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग द्या की सुई. थांबा. गुण आला की तो सुईनेच आला असे नसते.

अमेरिकेतील हेन्री बीचर यांनी १९५५ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून सरासरी ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोने आराम पडतो असे मांडले. तो आकडा पुढे वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांत फिरला. पण त्यात आपोआप बरे होणारेही मोजले गेले होते, अशी टीका नंतर झाली. २००१ मध्ये डेन्मार्कमधील ह्रोबार्टसन आणि गोत्शे यांनी ज्या चाचण्यांत एका गटाला प्लासिबो आणि दुसऱ्या गटाला काहीच दिले नव्हते, अशा शंभराहून अधिक चाचण्या तपासल्या. बहुतेक आजारांत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. वेदनेच्या बाबतीत फरक दिसला, पण तो लहान होता.

मग इतक्या लोकांना आराम कसा पडतो? कारण साधे आहे. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणे सर्वांत वाईट असते त्या दिवशी. वाईट दिवसानंतर बहुतेक वेळा बरा दिवस येतोच. ऑस्ट्रेलियात १,६५२ जणांवर झालेली आणि २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी हेच दाखवते. नुकतीच कंबर धरलेल्या लोकांपैकी काहींना पॅरासिटामॉल दिली, काहींना प्लासिबो. बरे व्हायला पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना साधारण १७ दिवस लागले आणि प्लासिबो घेणाऱ्यांना १६. ताप, दातदुखी, डोकेदुखी यांवर पॅरासिटामॉल उपयोगी आहेच. पण ताज्या कंबरदुखीत खरा वैद्य म्हणजे काळ आणि चालतेफिरते राहणे.

म्हणून सुईचे श्रेय तीन ठिकाणी वाटले जाते. थोडे मेंदूच्या स्वतःच्या द्रव्यांना, बरेचसे निसर्गाला आणि उरलेले आमच्या खोट्या आत्मविश्वासाला. शेवटचा वाटा सर्वांत महाग पडतो. तो कसा, ते मी स्वतः शिकलो आहे.

एका सुईची गोष्ट

साधारण तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, मी एका ग्रामीण रुग्णालयात होतो. चाळिशीच्या आसपासची एक शेतमजूर बाई पाठदुखीसाठी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आली. दोनदा गोळ्या नेल्या होत्या, फरक नव्हता. घरी कटकटी होत्या, नवरा दारू प्यायचा, हे तिने स्वतःच सांगितले. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि म्हणाला, 'मनाचं आहे. डिस्टिल्ड वॉटर टोच.' मी दोन मिलीलिटर पाणी भरले. 'मावशी, भारी इंजेक्शन आहे, झोंबेल,' असे सांगितले. पाणी स्नायूत झोंबतेच. आठवड्याने ती हसत आली. 'साहेब, गुण आला बघा.' मला माझ्या हुशारीचे कौतुक वाटले. मी आणखी एक सुई दिली आणि तिच्या केस पेपरवरचा तो आजार माझ्यापुरता संपला.

दोन-अडीच महिन्यांनी तिला जीपमधून आणले. पायातली ताकद गेली होती. एक्स-रेमध्ये पाठीच्या कण्याचे दोन मणके कुरतडलेले स्पष्ट दिसत होते. मणक्याचा क्षयरोग. मी तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हाही तो असणार. रात्री दुखते का, ताप येतो का, वजन उतरले का, हे तीन प्रश्न मी विचारले नव्हते. पाठीच्या कण्यावरून साधे बोटही फिरवले नव्हते. सुईने गुण आला म्हणताच विचारायची गरजच संपली होती.

क्षयाच्या औषधांनी ती सुधारली. काठी घेऊन चालू लागली. पाठीत कुबड राहिले. पण मला आजही छळते ते वेगळेच. उपचार चालू असताना एकदा तिने मला विचारले, 'साहेब, ती पहिली सुई द्या ना. तीच लागू पडली होती.' मी तिला खरे सांगितले नाही. आता नाही ती सुई, असे काहीतरी बोललो. एका खोट्यावर दुसरे खोटे.

त्या बाईची वेदना पाण्याने थोडी कमी झाली असेलही. मेंदूने आपले काम केले होते. मी माझे केले नव्हते. प्लासिबोचा मोठा धोका रुग्ण फसण्यात नाही. रुग्णाला फसवता फसवता डॉक्टर स्वतःच फसतो आणि शोध थांबवतो, हा तो धोका आहे.

डॉक्टरांची बाजू

माझे अनेक सहकारी याला उत्तर देतात आणि त्यांची उत्तरे हलक्यात काढण्यासारखी नाहीत.

पहिले उत्तर वेळेचे. सकाळच्या ओपीडीत शंभर-दीडशे रुग्ण असतील तर एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात, सुई लिहायला पाच सेकंद. दुसरे उत्तर स्पर्धेचे. मी दिली नाही तर तो पलीकडच्या गल्लीतल्या बोगस डॉक्टरकडे जाईल आणि तो डेक्सामेथासोन किंवा डायक्लोफिनॅक ठोकेल. त्यापेक्षा माझी जीवनसत्त्वाची सुई बरी. तिसरे उत्तर दयेचे. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढलेल्या माणसाला चार दिवस बरे वाटले तर कोणाचे बिघडले?

दुसऱ्या उत्तरातले भय खरे आहे. स्टेरॉइडची सुई सांध्यांना एका रात्रीत मोकळे करते. तीच वारंवार घेतली तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. सांधेदुखीवरच्या काही बेनामी पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले सापडते. डायक्लोफिनॅक मूत्रपिंड आणि जठर दोन्हींवर घाव घालते. पण 'निरुपद्रवी' सुई तरी खरोखर निरुपद्रवी असते का? चुकीच्या जागी टोचली तर पायाची नस दुखावून पाऊल लोंबते पडते. गळू होते. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला विनाकारण चढवलेल्या सलाईनने दम लागू शकतो. आणि सुई पुन्हा वापरली तर? २००४ च्या सुमारास झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यातील जवळपास ६३ टक्के कोणत्या ना कोणत्या अर्थाने असुरक्षित असतात, असा अंदाज निघाला. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा परिसरात हिपॅटायटिस-बीच्या साथीने अनेकांचे जीव घेतले. संशयाची सुई तेव्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांकडे वळली. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ येथे एचआयव्हीचे अनेक रुग्ण एकदम उघडकीस आले तेव्हाही हाच संशय घेतला गेला. बोगस डॉक्टरच्या सुईला मागणी का असते? कारण सुईशिवाय इलाज नाही, हे आम्ही शिकलेल्या डॉक्टरांनीच लोकांना शिकवले. ती सवय आमची देणगी आहे.

दयेच्या उत्तराला उत्तर देणे सर्वांत अवघड आहे. पण त्या दयेत एक गृहीतक लपलेले असते. शिकलेल्या, शहरी, प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाला आम्ही पाणी टोचत नाही. टोचतो ते धोतरवाल्या काकांना, लुगड्यातल्या मावशीला. यांना काय कळतंय, हे आम्ही आधीच ठरवलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितले की संमतीला अर्थ यायचा असेल तर रुग्णाला उपचाराचे स्वरूप, हेतू, धोके आणि पर्याय पुरेसे समजले पाहिजेत. तो खटला शस्त्रक्रियेचा होता, पण तत्त्व सुईलाही लागू व्हायला हरकत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तर २००६ मध्येच भूमिका घेतली, की प्लासिबो वापरायचा तर रुग्णाच्या माहितीने आणि सहकार्यानेच.

आणि जिथे खरे औषध हवे तिथे प्लासिबोला कसलीच सबब नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील किचकट परवान्यांमुळे ते वर्षानुवर्षे रुग्णांपर्यंत पोहोचत नव्हते. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या प्रयत्नांनंतर २०१४ मध्ये कायदा सुधारला. तरी आजही खेड्यातील कर्करुग्णाला कण्हत पडलेले पाहून कोणी जीवनसत्त्वाची सुई टोचून निघून जातो. ही दया नाही.

खोटे न बोलता हातगुण

तर मग हातगुण हवा आणि खोटेपणा नको, हे जमते का? जमते, असे सांगणारा थोडा पुरावा आता हाती येतो आहे.

२०१० मध्ये हार्वर्डचे टेड कॅप्टचुक आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या एका जुनाट विकाराच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना उघडपणे सांगितले, 'या गोळीत औषध नाही, पण अशा गोळीने शरीर स्वतःला बरे करायला लागते असे दिसले आहे.' तरी त्यांना गोळी न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बरे वाटले. २०१६ मध्ये लिस्बन येथे जुनाट कंबरदुखीवर असाच अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांसोबत उघड प्लासिबो घेणाऱ्यांची वेदना तीन आठवड्यांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत घट बरीच कमी होती. हे अभ्यास लहान आहेत, थोड्या काळाचे आहेत आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना माहीत होते. म्हणून उद्यापासून दवाखान्यात साखरेच्या गोळ्या वाटा असे मी म्हणणार नाही. पण त्यांतून एक गोष्ट दिसते. गुण येण्यासाठी खोटे बोलणे ही अट नाही. वेळ देणे, नीट समजावणे आणि पुढे पाहतो असा भरवसा देणे, एवढ्यानेही बरेच साधते.

गेली काही वर्षे मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. कंबरदुखीच्या रुग्णाच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. या स्पर्शात तपासणीही होते आणि हातगुणही. मग चार वाक्ये. 'मावशी, तुमचं दुखणं खरं आहे. हाड मोडलेलं नाही, नस दबलेली नाही, मी तपासलंय. हे स्नायूचं दुखणं आहे, दोन-तीन आठवड्यांत उतरतं, पण अंथरुणाला खिळून राहिलात तर वाढतं. ही गोळी जेवणानंतर घ्या, हे दोन व्यायाम करा आणि पंधरा दिवसांनी मलाच दाखवा.' घड्याळ लावून पाहिले आहे, एक मिनिटही लागत नाही. सुई मागितलीच तर सांगतो, 'सुईत जे औषध आहे तेच या गोळीत आहे, पोटातून रक्तात जायला जरा वेळ लागतो एवढंच.' सगळे ऐकतात असे नाही. काही जण उठून पलीकडच्या गल्लीत जातात. पण पंधरा दिवसांनी परत येणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि परत आलेल्याला पुन्हा तपासता येते. माझ्या त्या जुन्या रुग्णाच्या बाबतीत हेच हवे होते.

व्यवस्थेनेही काही करायला हवे. इंजेक्शन लिहिताना त्याचे कारण केस पेपरवर लिहिणे सक्तीचे करा, निम्म्या सुया आपोआप थांबतील. तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद भरा. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंना कंबर-गुडघ्याचे चार व्यायाम शिकवा, ते वेचणीच्या आधीच गावात पोहोचतील. आणि मॉर्फिन जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात असेल, संपणार नाही, याची जबाबदारी कोणातरी एकावर टाका.

वाचकांसाठी

शेवटी तुमच्यासाठी. सुई किंवा सलाईन सुचवली गेली तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. यात कोणते औषध आहे? ते गोळीतून घेता येईल का? घेतलेच नाही तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. सुई घ्यावीच लागली तर सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा.

आणि पाठदुखीत ही लक्षणे असतील तर सुईने आराम पडला तरी थांबू नका: रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, बारीक ताप, वजन उतरणे, पायात मुंग्या किंवा ताकद कमी होणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षय. यातले एकही असेल तर तपासणी आणि एक्स-रेचा आग्रह धरा. पायाची ताकद किंवा लघवीचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

त्या बाईचे नाव मला आठवते, गावही आठवते. पुढे माझी बदली झाली आणि भेट राहिली. तिला जे सांगायचे राहून गेले ते आता नव्या डॉक्टरांना सांगतो. हातगुण कमवा, तो खरा असतो. पण हात रुग्णाच्या पाठीवर ठेवून कमवा, पाण्याच्या सुईने नव्हे.